अपत्याची वाट आणि क्ष-किरणांची धास्ती

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



क्ष-किरण विभागाच्या दारावर एक पाटी हमखास आढळते. आपण गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर तपासणीपूर्वी सांगावे, असा तिचा आशय असतो. गरोदर स्त्रीला ती पाटी कळते. गरोदर नसलेली स्त्री ती वाचून पुढे जाते. अडचण होते ती या दोघींच्या मध्ये उभ्या असलेल्या तिसरीची. ती अपत्याची वाट पाहत असते. दर महिन्याचे पंधरा दिवस तिला 'शक्यता आहे' असेच म्हणावे लागते आणि उरलेले पंधरा दिवस 'नाही' असे. पाटी तिला काहीच उलगडून सांगत नाही.

एक नित्य घडणारा प्रसंग घेऊ. लग्नाला सहा वर्षे झालेली एक स्त्री कंबरदुखीने हैराण होते. पाळीच्या बाविसाव्या दिवशी तिच्या कंबरेचे क्ष-किरण चित्र काढले जाते. आठ-दहा दिवसांनी पाळी चुकते, चाचणी होते आणि सहा वर्षांनी घरात आनंदाची बातमी येते. त्याच संध्याकाळी कुणाला तरी त्या एक्स-रेची आठवण होते. मग शेजारीपाजारी, नात्यातले जाणते, औषधाच्या दुकानातला माणूस, एवढेच काय पण एखादा घाईतला डॉक्टरसुद्धा म्हणून जातो, 'विषाची परीक्षा कशाला? हे राहू द्या, पुढच्या वेळी बघू.' ज्या गर्भासाठी सहा वर्षे वाट पाहिली, तो केवळ धास्तीपोटी नाकारला जातो. आजच्या विषयाचे मूळ या एका संध्याकाळी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा, कारण सर्वसामान्य बोलण्यात 'स्कॅन' या एकाच शब्दात सगळे काही कोंबले जाते. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, किरणोत्सर्ग नसतो. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी असतात, तेथेही क्ष-किरण नसतात. साधा एक्स-रे, सीटी स्कॅन, स्तनांची मॅमोग्राफी आणि पडद्यावर हलते चित्र दाखवणारी फ्लुरोस्कोपी यांत मात्र क्ष-किरण वापरले जातात. आण्विक तपासणीचा प्रकार आणखी निराळा. तेथे किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात सोडले जाते आणि त्याचा मागोवा बाहेरून घेतला जातो. कर्करोगावरचा 'शेक' तर तपासणीच नव्हे, तो उपचार आहे. त्यातली मात्रा तपासणीच्या हजारो पटींत असते. शेक घेतलेल्या एखाद्या नातेवाइकाचा अनुभव छातीच्या एक्स-रेला लावणे म्हणजे महापुराचा नियम ओंजळभर पाण्याला लावणे होय.

आता मात्रेचा विचार. शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचे मोजमाप मिलिग्रे या एककात करतात. गर्भाला जन्मजात व्यंग होण्याचा धोका पन्नास मिलिग्रेच्या खाली वाढल्याचे आढळलेले नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात असे स्पष्ट नमूद केले की, गर्भाला मिळालेली मात्रा शंभर मिलिग्रेच्या आत असेल तर केवळ त्या कारणासाठी गर्भपात करणे समर्थनीय नाही. या दोन आकड्यांशेजारी प्रत्यक्ष तपासण्यांचे आकडे ठेवून पाहावेत. छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भाशयापर्यंत पोहोचणारी मात्रा मिलिग्रेच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते. याचा अर्थ पन्नास मिलिग्रे गाठण्यासाठी असे पाच हजार एक्स-रे काढावे लागतील. मॅमोग्राफीची आणि डोक्याच्या सीटी स्कॅनची मात्राही याच घरातली. पोटाच्या एक्स-रेत ती ०.१ ते ३ मिलिग्रे असते, कंबरेच्या मणक्यांच्या एक्स-रेत १ ते १०. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती यंत्र आणि पद्धतीनुसार १.३ ते ३५ पर्यंत जाते आणि ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये १० ते ५०. काळजीचा विषय सुरू होतो तो या शेवटच्या पायरीवर.

हे आकडे आणखी एका आकड्याशी ताडून पाहण्यासारखे आहेत. कोणतीही तपासणी न करता, केवळ भूमी, आकाश आणि अन्न यांतून येणाऱ्या नैसर्गिक किरणांमुळे नऊ महिन्यांत गर्भाला सुमारे एक मिलिग्रे मात्रा मिळतच असते. आपल्याच देशात, केरळच्या कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे. तेथील रहिवासी पिढ्यानपिढ्या जगाच्या सरासरीच्या कित्येक पट नैसर्गिक किरणोत्सर्गात नांदत आले आहेत. त्या पट्ट्यातील नवजात बालकांची पाहणी १९९५ पासून पद्धतशीर केली गेली आणि जन्मजात व्यंगांचे प्रमाण शेजारच्या सामान्य भागापेक्षा अधिक असल्याचे तीत आढळले नाही.

तरीही कंबरेचा एक्स-रे काढलेल्या त्या स्त्रीचे मन म्हणेल, 'पण तो नेमका त्याच दिवसांत निघाला.' तर मग त्या दिवसांचेही पाहू. बीज फलित झाल्यानंतर पहिले सुमारे दोन आठवडे गर्भ म्हणजे पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हृदय कोणाचे, हात कोणाचा, अशी कामाची वाटणी अद्याप झालेली नसते. या काळात मोठी इजा झाली तर तो पुंजका रुजतच नाही आणि पाळी येऊन जाते. इजा किरकोळ असेल तर उरलेल्या पेशी ती पूर्ण भरून काढतात आणि गर्भ निकोप वाढतो. वैद्यकात याला 'सर्व किंवा शून्य' असा परिणाम म्हणतात. रुजण्यास अडथळा येण्याइतकी मोठी इजा होण्यासाठीही पन्नास ते शंभर मिलिग्रे मात्रा लागते. कंबरेच्या एक्स-रेची कमाल दहा. म्हणून त्या घरी द्यावयाचा सल्ला एकच असू शकतो : गर्भ राहू द्यावा, तारखा आणि तपासणीचा तपशील प्रसूतितज्ज्ञाला सांगावा, आणि पुढची नियमित सोनोग्राफी इतर कोणत्याही गरोदर स्त्रीप्रमाणेच करून घ्यावी. एक गोष्ट मात्र तिला सांगून ठेवावी. कोणत्याही शंभर बाळंतपणांत तीनेक बालकांत काही ना काही जन्मजात दोष आढळतो आणि निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे पंधरा टक्के आपोआप खंडित होतात, मग एक्स-रे काढलेला असो वा नसो. हे ठाऊक नसले की पुढे काही बिनसले तर सारा दोष त्या एका चित्राच्या माथी जातो, आणि अनेकदा त्या स्त्रीच्याही.

धोका मुळीच नाही, असे कोणी सांगत असेल तर तेही खरे मानू नये. ब्रिटनमध्ये अॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ आणि १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी आईच्या पोटाचे क्ष-किरण चित्र काढलेले असेल तर मुलाला बालपणी कर्करोग होण्याचे प्रमाण काहीसे वाढते, असे दाखवले. प्रारंभी त्यांच्यावर टीका झाली. पण पुढे जगभरच्या प्रसूतिगृहांत पोटाचे एक्स-रे काढण्याची प्रथा मागे पडली, तीत या संशोधनाचा वाटा मोठा आहे. आजच्या अंदाजानुसार दहा-वीस मिलिग्रे मात्रेने बालपणीच्या रक्तकर्करोगाचा धोका दीडपट ते दुप्पट होऊ शकतो. मूळ धोका सुमारे तीन हजारांत एक असल्याने दुप्पट झाला तरी तो तीन हजारांत दोन इतकाच राहतो. हिरोशिमा व नागासाकीच्या अभ्यासातून कळलेली दुसरी गोष्ट अशी की, मेंदूच्या वाढीला सर्वांत नाजूक काळ गर्भधारणेनंतरच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्याचा असतो. आणि तेथेही इजा मोठ्या मात्रेनेच झाली. तेव्हा अकारण काढलेला पोटाचा सीटी स्कॅन टाळणे हा शहाणपणा आहे, आणि काढून झालेल्या एक्स-रेपायी गर्भ टाळणे हा अविचार. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

भीती किती महाग पडू शकते याचे उदाहरण ग्रीसचे आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. ग्रीस तेथून दूर. तेथील लोकांना मिळालेली जादा मात्रा अगदी अल्प होती. पण अफवांचे पीक आले, डॉक्टरही गोंधळले. पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता की, त्या काळातील सुरुवातीच्या गर्भधारणांपैकी जवळपास २३ टक्के, म्हणजे सुमारे अडीच हजार हव्याशा गर्भधारणा, निव्वळ धास्तीने संपवल्या गेल्या.

पूर्वी क्ष-किरण विभागांत 'दहा दिवसांचा नियम' पाळत. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या दहा दिवसांतच स्त्रीच्या पोटाचे व ओटीपोटाचे चित्र काढावे, कारण त्या काळात गर्भ असण्याची शक्यता नसते, असा तो नियम. अनुभवाने तो अनावश्यक कडक ठरला आणि बहुतेक तपासण्यांसाठी 'पाळी चुकलेली नसावी' एवढीच अट राहिली. परंतु ओटीपोटाचा सीटी स्कॅन यांसारख्या जास्त मात्रेच्या तपासण्या तातडीच्या नसतील तर आजही पहिल्या दहा दिवसांत उरकणे इष्ट. अपत्याची इच्छा असणाऱ्या दांपत्याला याचा उपयोग थेट आहे. कंबर, पोट, मूत्रमार्ग यांच्या तपासण्या प्रयत्न सुरू करण्यापूर्वी किंवा पाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात करून घ्याव्यात. अॅपेंडिक्स फुटण्याच्या बेतात असेल, अपघात झाला असेल, तर मात्र तारीख पाहत बसू नये. आई वाचली तरच पुढचे सारे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत छातीचा सीटी स्कॅन केलेल्या कितीतरी तरुण स्त्रियांना पुढे वर्षभर ही शंका छळत राहिली. त्या स्कॅनमध्ये छातीवर झोत असतो. गर्भाशयाकडे पोहोचतात ते विखुरलेले किरण, एक मिलिग्रेपेक्षाही कमी. त्यातून बीजांडे खराब होत नाहीत आणि तेव्हा नसलेल्या गर्भाला तर काहीच होत नाही.

वंध्यत्वाच्या तपासण्यांतील एक तपासणी क्ष-किरणांखेरीज होत नाही आणि तिच्याविषयी बोलणे सर्वांत गरजेचे आहे. ती म्हणजे एचएसजी. गर्भाशयाच्या मुखातून एक द्रव आत सोडतात आणि तो दोन्ही गर्भनलिकांतून बाहेर पडतो की नाही, हे पडद्यावर पाहतात. आपल्या देशात या तपासणीला विशेष महत्त्व आहे, कारण येथे जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण आहे. हा क्षय खोकत नाही, ताप आणेलच असे नाही. स्त्री दिसायला धडधाकट आणि नलिका मात्र आतून चिकटलेल्या. तपासणीची वेळ पाळी संपल्यानंतर, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसाच्या आत असते, आणि पाळी सुरू झाल्यापासून तपासणीपर्यंत पतिपत्नीने संयम पाळावयाचा असतो. पाळी अनियमित असेल किंवा नेहमीपेक्षा फार थोडी आली असेल तर आधी लघवीची गर्भचाचणी करावी, कारण गर्भधारणेनंतरही थोडा रक्तस्राव होऊ शकतो आणि ती पाळी वाटते. ओटीपोटात ताजा संसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलतात. बीजकोषांना मिळणारी मात्रा काही मिलिग्रेची असते. त्यामुळे 'एचएसजीनंतर तीन महिने थांबा' असा जो सल्ला काही ठिकाणी ऐकू येतो, त्याला आधार नाही. त्याच महिन्यात प्रयत्न केले तरी चालतात. उलट नेदरलँड्समधील १,११९ स्त्रियांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेलयुक्त द्रव वापरलेल्या गटात पुढील सहा महिन्यांत ३९.७ टक्के स्त्रियांना गर्भ राहिला आणि तो टिकला. पाण्यातील द्रव वापरलेल्या गटात हे प्रमाण २९.१ टक्के होते. तेलयुक्त द्रवात आयोडीन असते व ते शरीरात दीर्घकाळ राहते, म्हणून थायरॉइडची तक्रार असणाऱ्या स्त्रीने ती आधी सांगावी.

दुखते का, हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही. सर्वांच्या मनात मात्र असतो. दुखते, पाळीच्या कळांसारखे, काही मिनिटे. अर्धा-एक तास आधी घेतलेल्या वेदनाशामक गोळीने बरेच निभावते. भीतीने नलिका आकुंचन पावते आणि मोकळी असूनही बंद दिसते, असेही घडते. म्हणून 'दोन्ही नळ्या बंद' असा अहवाल आला की लगेच हातपाय गाळू नयेत. सोनोग्राफीखाली सलाइन किंवा फेस सोडून नलिका पाहण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे. तीत क्ष-किरण मुळीच नाहीत.

आणि एचएसजीपर्यंत जाण्यापूर्वी एक प्रश्न घरातल्या पुरुषांना. वीर्यतपासणी झाली आहे का? ती सर्वांत स्वस्त, वेदनारहित आणि किरणरहित तपासणी. तरीही अनेक घरांत पत्नीची सोनोग्राफी, रक्त, एचएसजी, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही उरकते आणि पती मात्र 'मला काय धाड भरली आहे' म्हणत मोकळा राहतो. अपत्य न होण्यात दोष पुरुषाकडे असण्याचे प्रमाण मुळीच थोडे नाही. पत्नीला क्ष-किरणांखाली झोपवण्याआधी त्या अहवालाचा कागद समोर असणे, हा साधा न्याय झाला.

पुरुषांच्या बाबतीत किरणांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. शुक्रजंतूंची संख्या तात्पुरती घटण्यासाठी वृषणांना सुमारे दीडशे मिलिग्रे मात्रा मिळावी लागते. नेहमीच्या तपासण्या त्याच्या खूप खाली राहतात. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे काही डॉक्टर ओटीपोटाच्या सीटी स्कॅननंतर तेवढा काळ थांबण्यास सुचवतात. ती सावधगिरी आहे, सक्ती नव्हे. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या, स्फोटानंतर गर्भधारणा होऊन जन्मलेल्या हजारो मुलांचा अभ्यास दशकानुदशके झाला. आईवडिलांच्या किरणसंपर्कामुळे त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढल्याचे सिद्ध झालेले नाही.

खरोखर थांबणे जेथे आवश्यक आहे ती ठिकाणे मोजकी आहेत. थायरॉइडच्या विकारांत किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार दिला जातो. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६० च्या दशकापासून हे काम चालत आले आहे. या उपचारानंतर स्त्रीने साधारण सहा महिने आणि पुरुषाने चार महिने तरी गर्भधारणा टाळावी आणि उपचारापूर्वी गर्भचाचणी केलीच पाहिजे, कारण गर्भाची थायरॉइड ग्रंथी तयार झाल्यावर हे आयोडीन थेट तिच्यात जाऊन बसते. आण्विक चित्रणासाठी वापरले जाणारे टेक्नेशियम मात्र दर सहा तासांनी निम्मे होत जाते. एक-दोन दिवसांत त्याचा प्रश्न उरत नाही. एमआरआय गर्भ असताना केला तरी हानी आढळलेली नाही. पण त्यात शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियम गर्भावस्थेत टाळतात. कॅनडाच्या आँटेरिओ प्रांतातील २०१६ च्या अभ्यासात त्याचा संबंध मृतजन्म आणि बालकांतील काही दाहविकारांशी दिसून आला. म्हणून 'कॉन्ट्रास्ट लागणार आहे' असे ऐकताच पाळीची तारीख सांगावी.

सोनोग्राफीविषयी थोडक्यात. बीजांडाची वाढ पाहण्यासाठी एका महिन्यात चार-पाच वेळा सोनोग्राफी होते आणि सासूबाईंना ती जास्त वाटते. त्यात किरण नाहीत. या यंत्राने आपल्या समाजात जे नुकसान केले ते ध्वनिलहरींनी नव्हे, माणसांच्या हेतूने. म्हणूनच गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला आणि १९९४ साली तो देशाने केला.

शिशाच्या आच्छादनाबद्दल अलीकडे गैरसमज होताना दिसतात. पूर्वी तंत्रज्ञ ओटीपोटावर जड पट्टा ठेवीत. आता काही ठिकाणी ठेवत नाहीत आणि रुग्णाला तो हलगर्जीपणा वाटतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ही पद्धत नित्य म्हणून बंद करावी असे सांगितले. त्याची कारणे व्यवहारी आहेत. गर्भाशयापर्यंत जाणारे विखुरलेले किरण शरीराच्या आतूनच जातात, त्यांना वरचा पट्टा अडवीत नाही. शिवाय पट्टा झोतात आला तर आधुनिक यंत्र आपोआप मात्रा वाढवते आणि चित्र झाकले गेल्यास ते पुन्हा काढावे लागते. सोबत खोलीत थांबणाऱ्या नातेवाइकाने मात्र शिशाचा अॅप्रन घालावा, आणि त्या कामी घरातील गरोदर किंवा गर्भाची शक्यता असलेली सून-मुलगी उभी करू नये. धरायला कोणी हवे असेल तर आजोबांनी पुढे व्हावे.

या यंत्रांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. एक्स-रे वा सीटीचे यंत्र चालवण्यास त्याची अनुमती लागते. केंद्रात शिरल्यावर ती विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संकोच खरा आडवा येतो तो दुसऱ्याच ठिकाणी. तंत्रज्ञ भरल्या व्हरांड्यात नाव पुकारतो आणि तेथेच विचारतो, 'दिवस वगैरे गेलेत का?' बाजूला सासरे बसलेले, समोर अनोळखी माणसे. ती मान खाली घालून 'नाही' म्हणते. तो प्रश्न पडद्याआड, तिला एकटीला, आणि निराळ्या शब्दांत विचारावयास हवा : शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? ती तारीख अर्जावर लिहिली जावी. चित्राच्या पाकिटासोबत घरी आलेला तो कागद जपून ठेवावा; पुढे कधी शंका आलीच, तर तज्ज्ञाला मात्रेचा हिशेब करता येतो तो त्याच कागदावरून.